समुद्राकाठच्या रानातील सोप्या वाटा : मुले आणि ज्येष्ठ सोबत असताना कुठे चालावे?

ओलीवाट | १० नोव्हेंबर

नमस्कार. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही तीन दिवस मुरुडजवळ राहणार आहोत. आम्ही दोघे, नऊ वर्षांची मुलगी, सहा वर्षांचा मुलगा आणि माझे सासू-सासरे अशी सहा माणसे असू. सासूबाई ६८ वर्षांच्या आहेत. त्यांचा उजवा गुडघा दुखतो, उतारावर त्यांना त्रास होतो. सपाटीवर मात्र त्या रोज सकाळी तासभर चालतात.

काशीदचा किनारा आणि जंजिरा पाहून झाला की बहुतेक कुटुंबे परतीला लागतात. त्याच किनाऱ्याच्या पाठीशी इतके दाट रान उभे असताना मुलांनी ते केवळ गाडीच्या काचेतून पाहावे, हे मला पटत नाही. जाऊन-येऊन तीन ते पाच किलोमीटरची, सावलीची, कातळ चढावा लागणार नाही अशी वाट कोणी कुटुंबासह चालले असेल तर सविस्तर लिहावे. वसईपासून गोव्यापर्यंतच्या किनाऱ्यालगतच्या इतर वाटांची माहितीही द्यावी, म्हणजे पुढे इतरांनाही हा धागा उपयोगी पडेल.

मुरुडकडचा | १० नोव्हेंबर

ताई, तुमच्या मुक्कामाच्या मागेच फणसाड अभयारण्य आहे, तेव्हा दूर शोधू नका. हे रान पूर्वी जंजिऱ्याच्या नवाबाने शिकारीसाठी राखलेले होते. १९८६ साली त्याचे अभयारण्य झाले.

रानातल्या बारमाही पाणवठ्याला आमच्याकडे गाण म्हणतात. फणसाडची गाण, चिखलगाण, धरणाची गाण अशी त्यांची नावे आहेत आणि इथल्या वाटा त्या पाणवठ्यांच्या आधाराने पडलेल्या आहेत. गडाच्या वाटेवर माथा गाठला नाही तर मुले हिरमुसतात. इथे तसा माथा नाहीच, त्यामुळे सासूबाईंचा गुडघा बोलू लागला की तिथूनच मागे फिरता येते आणि काही हुकले असे कोणालाच वाटत नाही. पायाखाली माती आणि पालापाचोळा असतो, चढ असला तरी अंगावर येणारा नसतो. ऐन, किंजळ, जांभूळ, अंजन, हिरडा यांची सावली बऱ्याच ठिकाणी आहे.

सुपेगावच्या बाजूने आत जावे. प्रवेशद्वारावर शुल्क भरून नोंद करावी लागते. गावातला वाटाड्या अवश्य घ्यावा, कारण ढोरवाटा इतक्या फुटतात की पायवाट कोणती आणि गुरांची वाट कोणती हे नवख्याला कळत नाही.

दोन_पावले | १० नोव्हेंबर

वर लिहिले आहे त्याला दुजोरा देतो. सकाळी सातच्या आत चालायला लागा. नऊनंतर शेकरू दिसणे अवघड होते आणि मुलांचा उत्साहही उतरतो.

केवडा_दापोली | ११ नोव्हेंबर

आम्ही गेल्या वर्षी जानेवारीत फणसाडला गेलो होतो, तेव्हा मुलगा सात वर्षांचा होता. दुसऱ्यांदा जाताना जे बदलेन, तेवढेच लिहिते.

पहिल्या खेपेस आम्ही मुलाला ‘बिबट्या दिसेल’ असे सांगून उठवले होते, आणि ती आमची चूक होती. बिबट्या तिथे आहे, सांबर, भेकर आणि पिसोरीही आहे. पण दिवसा, माणसांच्या चाहुलीत, ही जनावरे दिसत नाहीत. पहिला तासभर मुलगा दर वळणावर विचारत राहिला आणि नंतर रुसला. मग वाटाड्यादादांनी त्याला जमिनीकडे पाहायला शिकवले : ओल्या मातीतला भेकराचा खूर, साळिंदराचा गळालेला काटा, झाडाच्या बेचक्यात पानाकाटक्यांनी बांधलेले शेकरूचे मोठे घरटे. एकच शेकरू अशी अनेक घरटी बांधते, हे कळल्यावर तो घरटी मोजू लागला आणि उरलेली वाट आम्हाला त्याच्या मागे धावावे लागले. तेव्हा मुलांना आधीच सांगा की आपण जनावरे पाहायला नव्हे, तर त्यांच्या खुणा शोधायला चाललो आहोत.

गारंबीचा वेल मात्र चुकवू नका. माणसाच्या मांडीएवढे त्याचे खोड झाडाझाडांतून पिळे घेत वर जाते, आणि शेंग हातभराहून लांब असते. तिच्या बिया तपकिरी, गुळगुळीत आणि चपट्या असतात, आत पोकळी असल्यामुळे पाण्यावर तरंगतात. ओढ्यातून खाडीत आणि खाडीतून समुद्रात जाऊन त्या दूरच्या किनाऱ्यांना लागतात. डोंगर आणि समुद्र यांचा संबंध मुलाला समजावायला मला याहून सोपे उदाहरण आजवर सापडलेले नाही.

मौनी | ११ नोव्हेंबर

मला थोडा वेगळा विचार मांडायचा आहे. अभयारण्य ही कुटुंबाच्या सहलीची जागा आहे का? रविवारी कर्नाळ्याला गेलो होतो. मुलांचा आरडाओरडा, भ्रमणध्वनीवरची गाणी, झाडाखाली चिवड्याच्या पिशव्या असे सगळे होते, आणि दोन तासांत एकही पक्षी नीट पाहता आला नाही. अशा धाग्यांवरून जागांची नावे पसरतात आणि पुढच्या वर्षी तिथेही तेच होते. ओलीवाट यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही, परंतु मुलांसाठी उद्याने आहेत, किनारा आहे. जंगल जंगलासाठी राहू द्यावे, असे मला मनापासून वाटते.

मुरुडकडचा | ११ नोव्हेंबर

मौनी, तुमची तळमळ समजते आणि गोंगाटाबद्दल मी तुमच्याशी सहमत आहे. परंतु गाव या रानाच्या काठावरच आहे. आमची पोरे याच वाटांनी करवंदे-जांभळे खात वाढली, आणि आज वणवा दिसला की झाडाच्या ओल्या फांद्या घेऊन आधी तीच धावतात. ज्या मुलाने रान कधी पाहिले नाही ते मोठेपणी त्यासाठी कशाला भांडेल?

दुसरी बाजू पोटाची आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात आमच्या वाड्यांतली नारळ-सुपारीची झाडे आडवी झाली. सुपारीचे नवे रोप उत्पन्न देऊ लागेपर्यंत वर्षे जातात. त्या काळात ज्या घरांतून कोणी वाटाड्या म्हणून जात होता किंवा पाहुण्यांसाठी जेवण करून देत होता, त्या घरांना त्याचा आधार झाला. पाहुणे नकोत असे आम्ही म्हणू शकत नाही. हळू बोलणारे पाहुणे हवेत, इतके म्हणू शकतो.

मौनी | ११ नोव्हेंबर

वाडीचा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता. तो मान्य करतो. मग निदान एवढे ठरावे की एका वाटाड्यामागे आठ-दहापेक्षा अधिक माणसे नसावीत आणि पाणवठ्यावर दहा मिनिटे कोणीही बोलू नये.

केवडा_दापोली | ११ नोव्हेंबर

दहा मिनिटे मुले गप्प बसतात, हे मी अनुभवाने सांगते. त्यांना डोळे मिटून वेगवेगळे आवाज बोटांवर मोजायला सांगावे. आमच्या मुलाने सात मोजले होते; त्यांतला एक त्याच्या स्वतःच्या पोटाचा होता.

डॉ_खाडीकाठ | १२ नोव्हेंबर

मी कोकणात बरीच वर्षे वैद्यकीय व्यवसाय करतो. घाबरवण्याचा हेतू नाही, पण लहान मुले आणि ज्येष्ठ बरोबर असतील तर पुढील गोष्टी माहीत असाव्यात.

पहिली गोष्ट दमटपणाची. सह्याद्रीच्या माथ्यावर वारा असतो, घाम वाळतो आणि अंग थंड होते. समुद्राकाठच्या रानात झाडीमुळे वारा अडतो, हवा आधीच ओलसर असते, त्यामुळे घाम वाळत नाही आणि तापमान फार नसतानाही माणूस लवकर थकतो. घाटावरचे पाच किलोमीटर आणि इथले पाच किलोमीटर सारखे समजू नयेत. माणशी किमान एक लिटर पाणी घ्यावे. शिवाय मीठ घातलेले कोकम सरबत किंवा मीठ-साखरेचे पाणी घेऊन ते तहान लागण्याआधीच घोटघोट पाजत राहावे. ज्येष्ठांना तहानेची जाणीव उशिरा होते. सासूबाईंची रक्तदाबाची गोळी चालू असेल तर निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांशी एकदा बोलावे.

दुसरी गोष्ट फुरसे आणि विंचू यांची. फुरसे लहान असते, पाचोळ्याच्या रंगाचे असते आणि कोकणात भरपूर आढळते. घोट्याच्या वर येणारे बूट आणि पूर्ण लांबीची विजार घालावी, दगड उलथू नयेत, पाहिल्याशिवाय ओंडक्यावर बसू नये. दंश झालाच तर आवळून बांधणे, कापणे, चोखणे यांपैकी काहीही करू नये. मोडलेल्या हाडाला आधार देतो तसा त्या अवयवाला आधार द्यावा, माणसाला चालायला न लावता उचलून न्यावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर चालणारी लस एकच असते, त्यामुळे साप पकडून रुग्णालयात आणण्याची गरज नाही. लाल विंचवाचा दंश लहान मुलांच्या हृदयावर परिणाम करतो. पूर्वी कोकणात त्याने पुष्कळ मुले दगावत. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्रॅझोसिन हे औषध त्यावर उपयोगी असल्याचे दाखवून दिल्यानंतर हे चित्र पालटले. मात्र ते वेळेत मिळायला हवे, म्हणून विंचू चावल्यावर मुलाला घरी झोपवून ठेवू नये.

तिसरी गोष्ट गोचिडांची. दक्षिणेकडे जाणाऱ्यांनी हे विशेष वाचावे. गोचिडांतून पसरणाऱ्या माकडतापाचे रुग्ण २०१५ साली गोव्याच्या सत्तरीत आणि २०१६ साली सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात आढळले होते. त्या भागात जायचे असेल तर आधी स्थानिक आरोग्य केंद्रात चौकशी करावी, मेलेले माकड दिसले तर जवळ न जाता वनखात्याला कळवावे. कुठेही गेलात तरी परत आल्यावर मुलांच्या काखा, कानामागची जागा आणि कमरेचा घेर तपासून आंघोळ घालावी.

हिरडा_बेहडा | १२ नोव्हेंबर

डॉक्टरसाहेबांनी एक गोष्ट सोडली आहे : खाजकुइली! हिवाळ्यात तिच्या शेंगा वाळतात. शेंगेवरची सोनेरी लव मऊ दिसते, म्हणून मुले हमखास हात लावतात. माझ्या भाच्याने लावला होता. खाज सुटली तर चोळू नये आणि लगेच पाणीही ओतू नये. चिकटपट्टी लावून हलकेच ओढावी, म्हणजे केस निघून येतात. एक चिकटपट्टीची गुंडाळी खिशात ठेवा.

ओलीवाट | १२ नोव्हेंबर

सर्वांचे मनापासून आभार. डॉक्टर, सासूबाई रक्तदाबाची गोळी घेतात, त्यामुळे तुमची सूचना थेट आमच्यासाठीच होती. फणसाड जवळपास ठरले. एक शंका आहे : परतताना ठाण्याच्या वाटेवर कर्नाळा लागते, तिथे किल्ल्यापर्यंत जावे का? मुलीला अंगठ्यासारखा तो सुळका जवळून पाहायचा आहे.

पायरव | १२ नोव्हेंबर

किल्ल्यावर जाऊ नका. कर्नाळा पक्षी अभयारण्यात (१९६८ पासूनचे आहे) पायथ्याला हरियाल आणि मोरटाका या दोन निसर्गवाटा आहेत. सहा वर्षांच्या मुलाला त्या झेपतात, झाडी चांगली आहे, हिवाळ्यात स्वर्गीय नर्तक दिसण्याची शक्यता असते. किल्ल्याची वाट हे वेगळे प्रकरण आहे. चढ सलग आहे, वरच्या टप्प्यात सावली संपते, पुढे कातळात खोदलेल्या पायऱ्या लागतात, आणि खरी अडचण उतरताना येते. गुडघेदुखी असलेल्या माणसाला चढ त्रास देत नाही तितका उतार देतो.

शिवाय सुळक्यावर आग्यामोहोळे असतात. माश्या उठून माणसे जखमी झाल्याच्या घटना तिथे घडलेल्या आहेत. धावत खाली उतरता येत नसेल अशा कोणालाही तिथे नेऊ नये. ही वाट धरलीच तर अत्तर, सुगंधी तेल आणि धूर यांपासून लांब राहावे.

चालतो_बापडा | १३ नोव्हेंबर

पायरव यांचे म्हणणे मला जरा जास्त कडक वाटते. माझी मुलगी आठ वर्षांची असताना किल्ल्यावर आली होती, आणि सुळक्याच्या पायथ्याची खोदीव टाकी पाहून तिला जो आनंद झाला तो निसर्गवाटेवर झाला नसता. मुलांच्या अंगात आपण समजतो त्याहून अधिक दम असतो.

पायरव | १३ नोव्हेंबर

तुमच्या मुलीबद्दल मला शंका नाही. नऊ वर्षांची मुलगी वडिलांबरोबर खुशाल जाईल. पण हे कुटुंब सहा जणांचे आहे. दोघे वर गेले आणि चौघे खाली तीन तास थांबले, तर ती कुटुंबाची पायपीट राहत नाही. त्यांनी सर्वांसाठी वाट विचारली आहे, म्हणून मी तसे लिहिले.

चालतो_बापडा | १३ नोव्हेंबर

हे पटले. मुलीला पुढच्या थंडीत वेगळे घेऊन जावे.

वसईची_वेस | १३ नोव्हेंबर

वसईकडचे कोणी लिहील म्हणून थांबले होते. तुंगारेश्वर अभयारण्यात महामार्गाच्या बाजूने देवळापर्यंत रुंद मातीचा रस्ता जातो. वाट चुकण्याची भीती नाही, झाडी दाट आहे, आजी-आजोबा सहज चालतात. मात्र हा रस्ता अनेकदा ओढा ओलांडतो. जुलै-ऑगस्टमध्ये डोंगरावर पाऊस झाला की खाली ऊन असतानाही पाणी अचानक वाढते, आणि दर पावसाळ्यात गर्दी नेमकी तेव्हाच होते. मुलांना घेऊन जायचे तर नोव्हेंबर ते जानेवारी, तेही सोमवार आणि महाशिवरात्र सोडून. देवस्थान असल्याने त्या दिवशी रांगा असतात.

कोकणातल्या देवरायांचाही विचार व्हावा असे मला वाटते. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या कित्येक गावांत ग्रामदेवतेच्या देवळाभोवती एक-दोन एकरांचे का होईना, पण कुऱ्हाड न लागलेले रान आहे. अंतर थोडे, सावली गर्द, बसायला देवळाची पडवी, आणि प्यायला विहिरीचे पाणी. आधी गुरवांना किंवा गावकरांना विचारावे, ते सांगतील तिथे चपला काढाव्यात आणि आतले वाळके पानही उचलू नये. माझ्या आईला ७४ व्या वर्षी यापेक्षा चांगली वाट मी देऊ शकले नसते.

काणकोणकार | १४ नोव्हेंबर

गोव्याची माहिती मी देतो. किनाऱ्यालगतचे रान म्हटल्यावर काणकोण तालुक्यातले खोतीगाव अभयारण्य डोळ्यांसमोर येते. पाळोळेच्या किनाऱ्यापासून गाडीने अर्ध्या तासाच्या आत तिथे पोहोचता येते. आत लहानमोठ्या आखलेल्या वाटा आहेत आणि पाणवठ्यावर नजर ठेवता येईल असा झाडावरचा उंच मचाण आहे. मचाणाची शिडी उभी आहे, म्हणून लहान मुलांना वर नेऊ नये. बहुतेक वाटा सपाट आहेत. अभयारण्याच्या आत वस्त्या आहेत, तेव्हा अंगणात विचारल्याशिवाय छायाचित्रे काढू नयेत.

चोडण बेटावरच्या सलीम अली पक्षी अभयारण्यात दोन चौरस किलोमीटरपेक्षाही कमी जागेत कांदळवनातून फरसबंद वाट जाते. ज्यांना चढ अजिबात चालत नाही, त्यांच्यासाठी ती उत्तम आहे. भरती-ओहोटीची वेळ पाहून जावे. ओहोटीला चिखलातले खेकडे आणि निवट्या दिसतात, आणि मुलांचे पाय तिथून निघत नाहीत.

दोन_पावले | १४ नोव्हेंबर

कांदळवनाचा विषय निघाला म्हणून सांगतो. ओलीवाट ताई ठाण्याच्या आहेत, तर ऐरोलीचे किनारी व सागरी जैवविविधता केंद्र त्यांच्या घराजवळच आहे. तिथे तिवरांमधून लाकडी वाट बांधलेली आहे. सासूबाईंना आधी तिथे एकदा चालवून पाहावे, म्हणजे त्या न थांबता किती वेळ चालतात याचा अंदाज येईल. मुरुडला गेल्यावर तो घेण्यापेक्षा हे बरे.

ओलीवाट | १४ नोव्हेंबर

ही सूचना फार चांगली आहे. येत्या रविवारी जाऊन येतो.

ओलीवाट | २६ डिसेंबर

आम्ही परत आलो. इतक्या लोकांनी वेळ काढून लिहिले, म्हणून काय झाले ते सांगणे मला माझे कर्तव्य वाटते.

ऐरोलीला सासूबाई पाऊण तास न थांबता चालल्या आणि नंतर बसल्या. त्यावरून आम्ही फणसाडचा बेत आखला : पाऊण तास चालायचे, पंधरा मिनिटे बसायचे. सकाळी पावणेसातला सुपेगावला पोहोचलो. वाटाड्यादादांना सासूबाईंच्या गुडघ्याबद्दल आधीच सांगितले होते, त्यामुळे त्यांनी उताराची वाट टाळली आणि एक लांबचे पण सपाट वळण घेतले. काठी मात्र आम्ही नेली नव्हती आणि ती न्यायला हवी होती. शेवटी दादांनी वाळक्या बांबूची काठी तासून दिली आणि परतताना ती प्रवेशद्वाराशीच ठेवली.

शेकरू पहिल्या तासातच दिसले. पान हलल्यासारखे वाटले, मग लालसर तपकिरी लांब शेपूट खाली लोंबताना दिसले. मुलाने मोठ्याने ओरडण्यासाठी तोंड उघडले आणि मग स्वतःच हाताने झाकून घेतले. मुलीने तेरा घरटी मोजली. दमटपणाबद्दल डॉक्टरांनी लिहिले होते ते अक्षरशः खरे ठरले. साडेनऊला हवा गार होती तरी सासऱ्यांचा सदरा पूर्ण भिजला होता आणि आम्ही नेलेले आठ लिटर पाणी व कोकम सरबत प्रवेशद्वाराशी परत येईतो संपले होते. माणशी एक लिटर मला कमी वाटते. मुलांसह दीड धरावे.

गाणीवर दहा मिनिटे बसलो. मौनी, तुमचा नियम आम्ही पाळला. जनावर आले नाही, पण पाण्याच्या कडेच्या चिखलात सांबराचे ताजे खूर होते आणि त्यांत पाणी नुकतेच झिरपू लागले होते. म्हणजे आम्ही येण्याच्या थोडेच आधी ते तिथून गेले असावे, असे दादा म्हणाले. मुले त्या खुरांपाशी उकिडवी बसून राहिली, उठायला तयार नव्हती.

गारंबीचा वेल पाहिल्यावर सासूबाईंनी सांगितले की त्यांच्या माहेरी, गुहागरकडे, त्या लहानपणी अशाच एका वेलावर झोका घेत असत. आमच्या लग्नाला बारा वर्षे झाली, पण ही गोष्ट घरात कोणीच ऐकलेली नव्हती. परतीच्या वाटेवर त्या त्याच विषयावर बोलत राहिल्या, अर्थात हळू आवाजात.

कर्नाळ्याला किल्ला केला नाही. हरियाल वाटेने तासभर फिरलो, सुळका खालून पाहिला. प्रवेशद्वारावर प्लॅस्टिकच्या वस्तू मोजून अनामत घेतात आणि परतताना त्या दाखवल्यावर ती परत देतात, त्यामुळे मुलांनी प्रत्येक बाटली जिवापाड सांभाळली.

मौनी | २६ डिसेंबर

वाचून समाधान वाटले. खुरात पाणी झिरपताना मी आजवर पाहिलेले नाही.

मुरुडकडचा | २७ डिसेंबर

ताई, ती बांबूची काठी अजून प्रवेशद्वाराशीच असेल. इतर ज्येष्ठांना उपयोगी पडेल म्हणून आणखी चार-पाच काठ्या करून ठेवाव्यात, असे मी आमच्या वाटाड्यांना सुचवतो.

केवडा_दापोली | २७ डिसेंबर

ओलीवाट, सासूबाईंना विचाराल का, गुहागरकडे तो वेल कोणत्या गावात होता? आम्ही फेब्रुवारीत तिकडे जाणार आहोत.

ओलीवाट | २७ डिसेंबर

विचारले. गावाच्या देवराईत होता, असे त्या म्हणतात. देवराई अजून आहे की नाही ते त्या आज संध्याकाळी भावाला दूरध्वनी करून विचारणार आहेत. कळले की तुम्हाला निरोप पाठवते.